पॅक्स की माइटी? दोन व्हेपरायझर आणि चारशे वर्षं जुना वाद

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे हेडफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे 'अं', 'म्हणजे काय तर' येतं ते थोडं छाटलंय, बाकी गप्पा तशाच आहेत.

आजचा विषय जरा वेगळा आहे. जर्मनी, कॅनडा, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी शिकायला गेलेल्या आपल्या मुलांमध्ये एक प्रश्न फिरत असतो: "पॅक्स घेऊ की माइटी?" ज्यांना ही नावंच माहीत नाहीत त्यांना आधी सांगतो. ही दोन्ही हातात धरायची, चार्जिंगवर चालणारी यंत्रं आहेत. यांना 'ड्राय हर्ब व्हेपरायझर' म्हणतात. सुकी वनस्पती, बहुतेक वेळा गांजा, आत भरायची. यंत्र ती तापवतं, पण जळू देत नाही. वनस्पतीतली द्रव्यं वाफ होऊन बाहेर येतात आणि माणूस ती ओढतो.

आता एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. भारतात या दोन्हींपैकी काहीच विकता येत नाही, मागवता येत नाही, आणि गांजा जवळ बाळगणं हा तर वेगळा गुन्हा आहे. त्यामुळे हा भाग खरेदीचा सल्ला नाही. हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे आणि आपला प्रश्न इतिहासाचा आहे: एकच काम करणारी दोन यंत्रं दिसायला, वापरायला आणि नशिबानं इतकी वेगळी का झाली? त्याचं उत्तर शोधायला बॅटरी आणि वॉरंटीच्या खूप मागे जावं लागतं. चला तर मग.

तापलेले दगड

वनस्पती तापवून तिची वाफ किंवा धूर ओढणं हे काही सिलिकॉन व्हॅलीचं डोकं नव्हे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस यानं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिथियन नावाच्या भटक्या, घोडेस्वार लोकांबद्दल लिहिलंय. हे लोक छोटासा तंबू उभारायचे, आत लालबुंद तापलेले दगड ठेवायचे, त्यावर भांगेच्या झाडाचं बी टाकायचे आणि त्या वाफेत बसून आनंदानं ओरडायचे. बरीच शतकं लोकांना वाटत होतं की हेरोडोटसनं नेहमीसारखं थोडं तिखटमीठ लावलं असणार. पण दुसऱ्या महायुद्धानंतर सायबेरियातल्या पाझिरिक इथल्या थडग्यांमध्ये सोव्हिएत पुरातत्त्वज्ञांना काशाची भांडी सापडली. त्यांत दगड होते आणि भांगेचं करपलेलं बी होतं. पुढे २०१९ साली पामीरच्या पठारावर, चीनच्या पश्चिम टोकाला जिरझानकाल इथल्या सुमारे २,५०० वर्षं जुन्या दफनभूमीत लाकडी धूपपात्रं मिळाली. त्यांतल्या दगडांवर गांजातल्या मादक द्रव्याचे अंश रासायनिक तपासणीत सापडले.

म्हणजे तापवायची युक्ती जुनीच. मग नव्हतं काय? नियंत्रण. दगड किती तापलाय हे कोण सांगणार? बी कधी भाजलं जायचं, कधी जळून कोळसा व्हायचं. कोणी किती ओढलं याचा हिशेब नाही. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, कारण आपली सगळी गोष्ट या हिशेबाभोवतीच फिरणार आहे.

विजापूरहून आलेलं चांदीचं तबक

आता येऊ आपल्याकडे. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली, गोव्यात उतरली आणि शेजारच्या आदिलशाहीत पसरली. १६०४ च्या सुमारास अकबराचा एक सरदार, असद बेग, कामगिरीवर विजापूरला आला होता. इथं त्यानं तंबाखू पाहिली आणि ठरवलं की ही चीज बादशहाला दाखवायचीच. त्यानं रत्नजडित नळी, सोन्याचं पात्र, तोंडाशी धरायला यमनी अकीक दगडाचा घाटदार तुकडा, असं सगळं जमवून चांदीच्या तबकात मांडलं आणि आग्र्याच्या दरबारात पेश केलं. पुढचा प्रसंग त्यानं स्वतःच लिहून ठेवलाय.

अकबरानं विचारलं, हे काय? खान-ए-आझम म्हणाला, ही तंबाखू, मक्का-मदिनेत प्रसिद्ध आहे, आणि हुजुरांसाठी औषध म्हणून आणलीये. शब्द बघा बरं का: औषध म्हणून. बादशहानं नळी तोंडाला लावली. शाही हकीम पुढे आला आणि मनाई करू लागला. तरी असद बेगचं मन राखायला अकबरानं दोन-तीन झुरके घेतलेच. हकीम अस्वस्थ झाला. मग भर दरबारात वाद रंगला. हकिमाचं म्हणणं असं, की हे न पारखलेलं औषध आहे, आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, तर याचे गुण आम्ही कशाच्या जोरावर सांगायचे? असद बेगचं म्हणणं, की फिरंगी लोकांतही जाणकार वैद्य आहेत, ते याची तारीफ करतात, आणि प्रत्येक रीत कधी ना कधी नवीनच असते. हकीम म्हणाला, पारख केल्याशिवाय आम्ही कुणाची रीत उचलणार नाही.

वाद कोण जिंकलं? बादशहानं असद बेगच्या हजरजबाबीपणाचं कौतुक केलं, पण स्वतः तंबाखूची सवय लावून घेतली नाही. असद बेगकडे माल भरपूर होता. तो त्यानं सरदारांमध्ये वाटला, आणखी लोक मागू लागले, मग व्यापारी विकू लागले आणि बघता बघता ती सगळीकडे गेली. १६१७ साली जहांगीरनं तंबाखूवर बंदी घातली. त्या बंदीचं काय झालं हे आपल्या खेड्यापाड्यांतल्या चंच्या, चिलमी आणि गुडगुड्यांना विचारा!

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? हकीम 'वाईट आहे' असं म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, पारखलेलं नाही. आणि वाद चालू असतानाच बाजारानं निर्णय घेऊन टाकला होता.

धोत्र्यापासून पंपापर्यंत

यानंतरची दोन-अडीचशे वर्षं धूर औषध म्हणूनही वापरला गेला, आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. दक्षिणेत, मद्रासकडे, दम्यासाठी धोत्र्याचा धूर ओढत असत. आपण महादेवाला वाहतो तोच धोत्रा. ही माहिती १८०२ च्या सुमारास तिथल्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यामार्फत ब्रिटनला पोचली. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या औषधांच्या दुकानांत 'दम्याच्या सिगारेटी' चक्क विकल्या जायच्या. धोत्र्याच्या जातीतल्या वनस्पतींमध्ये अ‍ॅट्रोपिनसारखी द्रव्यं असतात, त्यांनी श्वासनलिका थोड्या सैलावतात. म्हणजे गुण खरा होता. पण एका सिगारेटमधून नेमकं किती औषध मिळालं हे सांगता येत नव्हतं, आणि दम्याच्या रुग्णाच्या छातीत औषधाबरोबर धूरही जात होता. शिवाय धोत्रा जास्त झाला की माणसाला भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो.

याला उत्तर मिळालं १९५६ साली. अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीज नावाची कंपनी होती. तिचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या शाळकरी मुलीला दमा होता. तिनं वडिलांना विचारलं, केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध डब्यात का मिळत नाही? कंपनीनं मग अत्तराच्या बाटल्यांसाठी बनवलेली एक झडप घेतली, जी एका दाबाला ठरावीकच मात्रा सोडते. त्यातून आला आजचा दम्याचा पंप. आपल्या घराघरांत असतो तोच.

इथं खरी उडी घेतली गेली. धुराच्या जागी फवारा आला हा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे 'मोजलेला' फवारा. दोन पफ म्हणजे दोन पफ. डॉक्टर लिहून देऊ शकतो, रुग्ण मोजू शकतो, कंपनीला चाचणी करून दाखवावी लागते. श्वासावाटे घ्यायची गोष्ट औषध कधी होते? जेव्हा तिची मात्रा मोजता येते आणि कुणीतरी ती तपासलेली असते.

भाजणं म्हणजे काय, जाळणं म्हणजे काय

आता दोन मिनिटं विज्ञान. कंटाळू नका, स्वयंपाकघरातलंच आहे. सिगारेट किंवा चिलीम ओढताना निखाऱ्याचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. त्यात पानं जळतात, डांबर तयार होतं, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, कर्करोगाला कारण ठरणारी बरीच रसायनं तयार होतात. पण तुम्ही सुकी वनस्पती साधारण १८० ते २१० अंशांपर्यंतच तापवली, तर ती पेट घेत नाही. तिच्यातली हलकी द्रव्यं उडून येतात आणि मागे तपकिरी, भाजल्यासारखा चोथा राहतो. जिरं भाजणं आणि जिरं करपवणं यात जो फरक, तोच.

हा फरक मोजूनही झालाय. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत डॉक्टर डोनाल्ड एब्रम्स आणि सहकाऱ्यांनी १८ निरोगी प्रौढांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच माणसांना एकदा गांजाची सिगारेट दिली आणि एकदा व्हेपरायझरची वाफ. रक्तात उतरलेल्या मादक द्रव्याचं प्रमाण दोन्ही वेळा साधारण सारखंच निघालं. उच्छ्वासातला कार्बन मोनॉक्साइड मात्र वाफेच्या वेळी खूपच कमी होता.

नीट ऐका हं. यातून काय सिद्ध झालं? धुरातला एक विषारी वायू टळतो हे. काय सिद्ध झालं नाही? वाफ निर्धोक आहे हे. नशा तेवढीच चढते, सवय तेवढीच लागू शकते, आणि विशी-पंचविशीच्या आत, मेंदूची वाढ चालू असताना गांजाचा नियमित वापर जोखमीचा असतो, ती जोखीम यंत्र बदलल्यानं जात नाही. १८ माणसांचा, थोड्या दिवसांचा अभ्यास वीस वर्षांनी फुप्फुसाचं काय होईल ते सांगू शकत नाही. हकिमाची भाषा वापरायची तर पारख सुरू झाली होती, पूर्ण झाली नव्हती.

त्या अभ्यासात जे यंत्र वापरलं त्याचं नाव होतं व्होल्कॅनो. इथून आपण आपल्या दोन यंत्रांकडे वळतो.

पहिलं गाव: टुटलिंगेन

दक्षिण जर्मनीत, डॅन्यूब नदीच्या काठी टुटलिंगेन नावाचं छोटं गाव आहे. आपल्याकडे इचलकरंजी म्हटलं की कापड, सांगली म्हटलं की हळद, तसं टुटलिंगेन म्हटलं की शस्त्रक्रियेची अवजारं. १८६७ पासून तिथं हा उद्योग वाढलाय आणि आज शेकडो लहान-मोठ्या वैद्यकीय कंपन्या तिथं आहेत. याच गावात मार्कुस श्टोर्झ यांनी १९९६ साली व्हेपरायझरचं काम सुरू केलं. पुढे युर्गेन बिकेल त्यांना येऊन मिळाले आणि कंपनीचं नाव पडलं श्टोर्झ अँड बिकेल.

२००० साली त्यांचं व्होल्कॅनो बाजारात आलं. टेबलावर ठेवायचं, भिंतीतल्या प्लगवर चालणारं, शंकूसारखं यंत्र. खालून गरम हवा येते, वनस्पतीतून जाते आणि वर लावलेली पारदर्शक पिशवी वाफेनं फुगते. तुम्ही पिशवी काढून सावकाश श्वास घ्यायचा. आता हे काही हॉस्पिटलसाठीच बनलं होतं असं नाही. गिऱ्हाईक मुख्यतः हौशीच होतं. पण बनावट अशी होती की तापमान ठरवता यायचं आणि दर वेळी साधारण तेच फळ मिळायचं. म्हणूनच संशोधकांनी ते उचललं. २०१० च्या आसपास त्याच्या एका आवृत्तीला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यताही मिळाली.

२०१४ साली कंपनीनं दोन लहान यंत्रं काढली: क्राफ्टी आणि माइटी. माइटी हातात धरली की वाटतं हा टीव्हीच्या रिमोटचा जाडजूड काका आहे. काळं, खाचा-खाचांचं प्लास्टिक, दोन बॅटऱ्या, आणि छोटा पडदा. त्या पडद्यावर दोन आकडे दिसतात: तुम्ही ठरवलेलं तापमान आणि आतलं खरं तापमान. ४० ते २१० अंशांपर्यंत एकेक अंशानं बदलता येतं. वाफ थेट तोंडात न येता वळणावळणाच्या वाटेनं थंड होऊन येते. तिच्यासाठी ॲल्युमिनियमच्या इवल्याशा डब्याही मिळतात. वनस्पती मोजून आधीच डब्यांत भरून ठेवायची, लागेल तेव्हा एक डबी यंत्रात टाकायची.

या डबीकडे लक्ष द्या. पार्टीत मजा करणाऱ्याला तिची फारशी गरज नाही. पण ज्याचा हात थरथरतो, ज्याला बोटांनी चिमूट भरता येत नाही, अशा माणसासाठी घरचं कुणीतरी सकाळी चार डब्या भरून ठेवू शकतं. म्हणजे मात्रा मोजली गेली. पंपाइतकी काटेकोर नव्हे, पण त्याच दिशेनं.

दुसरं गाव: स्टॅनफर्ड

आता प्रशांत महासागराच्या बाजूला. २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रॉडक्ट डिझाइन शिकणारे दोन विद्यार्थी, जेम्स मॉन्सीस आणि ॲडम बोवेन. दोघंही सिगारेट ओढणारे. सिगारेट ओढायला बाहेर उभं असतानाच त्यांना सुचलं की ही वस्तू इतकी वर्षं तशीच का राहिली? तंबाखू न जाळता तापवणारं यंत्र हा त्यांचा पदव्युत्तर प्रकल्प झाला. २००७ मध्ये त्यांनी प्लूम नावाची कंपनी काढली. पहिलं यंत्र ब्युटेन गॅसवर चालायचं आणि ते फारसं चाललं नाही. २०१२ साली आलं पॅक्स, आणि ते मात्र गाजलं.

पॅक्स हातात घेतल्यावर वेगळीच भावना येते. गुळगुळीत धातू, गोलसर कडा, कुठं बटण दिसत नाही. पडदा नाही, आकडे नाहीत. समोर चार पाकळ्यांचं फूल, तेच दिव्यासारखं उजळतं: तापतंय तेव्हा एक रंग, तयार झालं की दुसरा. पहिल्या पॅक्समध्ये तापमानाच्या तीनच पायऱ्या होत्या, साधारण १८८, १९९ आणि २१० अंश. यंत्राला हालचाल कळते. खाली ठेवलंत तर ते आपोआप तापमान उतरवतं. हातात गरागरा फिरवलंत तर दिवे नाचायला लागतात. हो, खरंच, असा लपवलेला 'पार्टी मोड' त्यात होता. शर्टाच्या खिशात सहज मावतं आणि कुणी पाहिलं तर वाटतं, काहीतरी महागडं गॅजेट आहे.

तवा आणि गरम हवा

आतल्या रचनेतही फरक आहे. सातवी-आठवीच्या विज्ञानात आपण शिकलो होतो, उष्णता तीन प्रकारे जाते: वहन, अभिसरण आणि प्रारण. पॅक्स म्हणजे वहन. छोटी स्टीलची भट्टी, तिच्या भिंती तापतात, भिंतीला टेकलेली वनस्पती आधी भाजली जाते. तव्यावर शेंगदाणे भाजता तेव्हा हलवत नाही राहिलात तर काय होतं? खालचे करपतात, वरचे कच्चे. पॅक्स वापरणारेही म्हणूनच मध्ये एकदा ढवळतात, भट्टी नीट दाबून भरतात. फायदा असा की रचना सुटसुटीत, यंत्र लहान.

माइटीमध्ये वहन आणि अभिसरण दोन्ही आहे. भिंत तर तापतेच, पण तुम्ही श्वास ओढता तेव्हा गरम झालेली हवाही वनस्पतीतून आरपार जाते. घरात एअर फ्रायर असेल तर कल्पना येईल. भाजणी सगळीकडून सारखी होते. तोटा असा की त्यासाठी जागा लागते, बॅटरी मोठी लागते आणि यंत्र बोजड होतं. किंमतही: पॅक्स आलं तेव्हा साधारण २५० डॉलर, माइटी आली तेव्हा साधारण ४०० डॉलर.

यूट्यूबवरची तुलना साधारण इथंच संपते. खिशात मावणारं हवं तर हे, वाफ चांगली हवी तर ते. पण इतिहासाच्या नजरेनं पाहिलं तर खरा फरक पडद्यात आहे. एका यंत्रानं आकडा दाखवायचा ठरवलं, दुसऱ्यानं आकडा लपवून फूल दाखवायचं ठरवलं. एकानं वापरणाऱ्याला विचारलं, 'किती?' दुसऱ्यानं विचारलं, 'कसं वाटतंय?' दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. पण कुठल्या प्रश्नावर धंदा उभा राहतो, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पुढे काय झालं

टुटलिंगेनच्या कंपनीनं माइटीची वैद्यकीय आवृत्ती काढली. २०१७ साली जर्मनीनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गांजा द्यायला परवानगी दिली, तेव्हा औषधांच्या दुकानातून वनस्पती आणि सोबत मान्यताप्राप्त यंत्र अशी वाट मोकळी झाली. २०१८ च्या डिसेंबरात कॅनडातल्या कॅनपी ग्रोथ या गांजा उद्योगातल्या बड्या कंपनीनं श्टोर्झ अँड बिकेल सुमारे १४.५ कोटी युरोंना विकत घेतली. तेव्हा हे काही धर्मादाय काम नव्हतं. पैसा इथंही होताच.

दुसऱ्या गावात मात्र गोष्ट वेगळ्याच वळणावर गेली. २०१५ मध्ये प्लूम हे नाव जपान टोबॅकोकडे गेलं आणि उरलेल्या कंपनीचं नाव झालं पॅक्स लॅब्ज. त्याच वर्षी जूनमध्ये या कंपनीनं आणखी एक यंत्र आणलं. त्यात वनस्पती नव्हती, निकोटिनच्या क्षाराचं द्रव होतं. दिसायला पेन ड्राइव्हसारखं. तेही गुळगुळीत, तेही बिनबटणाचं, तेही खिशात सहज मावणारं. त्याचं नाव ज्यूल. आंबा, पुदिना अशा चवी. घशाला न खवखवता भरपूर निकोटिन. २०१७ मध्ये ज्यूलची वेगळी कंपनी झाली आणि २०१८ अखेर मार्लबोरो सिगारेट बनवणाऱ्या आल्ट्रियानं तिचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरना घेतला. सिगारेटला पर्याय म्हणून निघालेली गोष्ट सिगारेट कंपनीच्या दारात येऊन थांबली.

मधल्या काळात शाळांमध्ये काय चाललं होतं? अमेरिकेच्या सरकारी पाहणीत २०१७ साली हायस्कूलच्या ११.७ टक्के मुलांनी मागच्या महिन्याभरात ई-सिगारेट ओढल्याचं सांगितलं होतं. एका वर्षात ते प्रमाण २०.८ टक्के झालं. तिथल्या सर्जन जनरलनी याला साथ म्हटलं. पुढे तीसहून अधिक राज्यांनी मिळून केलेल्या चौकशीत, मुलांना भुलवणाऱ्या जाहिरातींच्या आरोपांवर, ज्यूलनं २०२२ मध्ये जवळपास ४४ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं.

पॅक्स आणि ज्यूल एक नव्हेत, हे खरं. एकात वनस्पती, दुसऱ्यात द्रव. पण दोन्हींमागची नजर एकच होती: मात्रा दिसू द्यायची नाही, वस्तू आवडली पाहिजे. तिशीतल्या माणसाच्या खिशात ती नजर चालून गेली. तेरा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात तिचं काय होतं ते अमेरिकेनं पाहिलं.

२०१९ आणि आपण

२०१९ हे वर्ष या सगळ्याला कलाटणी देणारं ठरलं. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत तरुण मुलं श्वास लागून हॉस्पिटलमध्ये येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. तपासाअंती मुख्य संशय गेला तो बेकायदा बाजारातल्या गांजा-तेलाच्या कार्ट्रिजवर. तेल घट्ट दिसावं म्हणून त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलं होतं. अंगाला लावायला चालणारी गोष्ट फुप्फुसात गेल्यावर घात करून गेली. सुकी वनस्पती तापवणारी यंत्रं या प्रकरणाच्या मुळाशी नव्हती. पण धडा सगळ्यांसाठी होता: न पारखलेली वस्तू.

त्याच वर्षी १८ सप्टेंबरला भारत सरकारनं ई-सिगारेटवर बंदीचा अध्यादेश काढला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. पुष्कळांना वाटतं की ही बंदी फक्त निकोटिनच्या पेनवर आहे. तसं नाही. कायद्याची व्याख्या अशी आहे की कुठलाही पदार्थ, निकोटिन असो वा नसो, तापवून ओढायला वाफ तयार करणारं विजेवरचं उपकरण यात येतं. न जाळता तापवणारी उत्पादनं आणि ई-हुक्का यांचा तर नावानिशी उल्लेख आहे. बनवणं, आयात, विक्री, जाहिरात, साठवण, सगळं बंद. विक्री किंवा आयात पहिल्यांदा केली तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा 'मित्र येताना बॅगेत टाकून आणेल' हा बेत करू नका, त्यात मित्रच अडकतो. आणि गांजासाठी १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहेच.

एकच फट कायद्यानं ठेवलीये: औषधांच्या कायद्याखाली परवाना मिळालेलं उत्पादन या व्याख्येत येत नाही. म्हणजे बघा, अकबराच्या हकिमानं जी अट घातली होती तीच. पारखून दाखवा, मग बोलू.

बंदी योग्य की अयोग्य, यावर तुमचं-माझं वेगळं मत असू शकतं. एक अडचणीचा प्रश्न तर उरतोच: न जाळता तापवणारं यंत्र बंद आणि टपरीवर सिगारेट, बिडी, गुडाखू चालू, हे कसं? ज्या रुग्णाला खरोखर उपयोग होऊ शकेल त्याचं काय? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण जहांगीराच्या बंदीसारखं फक्त बंदी घालून मोकळं होणं जसं पुरत नाही, तसं असद बेगसारखं 'प्रत्येक रीत कधीतरी नवीच असते' म्हणणंही पुरत नाही.

मग पॅक्स की माइटी?

जिथं हे कायदेशीर आहे तिथल्या, डॉक्टरांनी चिठ्ठी दिलेल्या रुग्णासाठी उत्तर अवघड नाही. ज्या यंत्रात तापमान दिसतं, मात्रा मोजून भरता येते, ज्याच्या वैद्यकीय आवृत्तीची तपासणी झालीये, ते. बोजड असलं तरी. कारण त्याला कालचा अनुभव आज पुन्हा मिळायला हवा असतो, आणि डॉक्टरांना सांगता यायला हवं असतं की किती घेतलं.

पण हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण रुग्ण नसतात. विशीतले, धडधाकट, परदेशात एकटे, नव्या मित्रांत मिसळू पाहणारे असतात. त्यांना कोणी 'किती?' विचारत नाही, आणि खिशातलं सुंदर यंत्र तर मुळीच विचारत नाही. सिगारेट निदान संपते, हातात थोटूक उरतं, बोटांना वास येतो, आई ओळखते. वास न येणारी, राख न पडणारी, दिवा मंद करून शांत पडून राहणारी वस्तू दिवसातून कितीदा तोंडाला लागली ते वापरणाऱ्यालाच आठवत नाही. म्हणून दोन यंत्रांची तुलना करत बसलेल्या मित्राला तुम्ही एवढंच विचारा: तुला नेमकं कशासाठी हवंय, आणि रोज किती झालं हे तू कसं मोजणार आहेस? या दोन्हींचं उत्तर त्याच्याकडे नसेल, तर दोन्हींपैकी कुठलंच यंत्र ते देणार नाही.

तर मंडळी, आज इथंच थांबू. भाग आवडला तर त्या मित्राला नक्की पाठवा. पटलं नाही तर तेही कळवा, वाद घालायला आपल्याला आवडतंच. भेटूया पुढच्या भागात. तोवर सांभाळून राहा.